वारसदार की विश्वस्त?

सामान्य काळातील अठरावा रविवार (वर्ष क)
वाचने : उपदेशक १:२, २:२१-२३ • कलस्सैकरांस ३:१-५, ९-११ • लूक १२:१३-२१



आजच्या शुभवर्तमानाची सुरुवात एका घरगुती भांडणाने होते. गर्दीतून एक माणूस पुढे येतो आणि प्रभू येशूला सांगतो की, माझ्या भावाला जरा समजवा, त्याने वडिलांच्या इस्टेटीतला माझा हिस्सा मला द्यावा. एवढा मोठा गुरू समोर उभा आहे, स्वर्गराज्याच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि या माणसाच्या डोक्यात मात्र वाटणीपत्र घोळते आहे!

आपण त्याला हसू नये. वाटणीचे दुखणे काय असते हे निफाड तालुक्यात कुणाला सांगायला हवे? एका बांधासाठी दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचे पाणी सोडलेले आपण पाहिले आहे. विहिरीच्या पाळीवरून, हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्यावरून, आईला कोणी सांभाळायचे यावरून घरे दुभंगतात. बाप गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आत सातबाऱ्याची चौकशी सुरू होते. येशू या भांडणात न्यायाधीश व्हायला नकार देतो. त्याला न्यायाची पर्वा नाही असे नाही. या भांडणाच्या मुळाशी जो लोभ आहे, त्यावर त्याला बोट ठेवायचे आहे. म्हणून तो कोठारवाल्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो.

चाळीतला कांदा

त्या शेतकऱ्याच्या जमिनीला अमाप पीक आले. ठेवायला जागा पुरेना. त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, खावे, प्यावे, मजा करावी, असे तो स्वतःशीच बोलला. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला.

लासलगावकरांना हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. कोठाराच्या जागी आपण कांदा चाळ म्हणू. उन्हाळ कांदा काढून एप्रिल-मे महिन्यात चाळीत भरायचा आणि भाव वाढेल या आशेवर थांबायचे. हवा खेळती राहिली तर माल टिकतो. दमट हवा धरली, पाणी झिरपले, की एक कांदा सडतो आणि शेजारच्या दहांना सडवतो. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली आपल्या लासलगावी विकिरण केंद्र उभारले. विज्ञानाने कांद्याचे आयुष्य वाढवले. पण साठवलेल्या धनाने माणसाचे मन नासू नये, यासाठी असे कोणतेही केंद्र अजून कुणाला उभारता आलेले नाही. कांद्याप्रमाणेच धनालाही खेळती हवा लागते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या शेतकऱ्याला भरघोस पीक आले हा त्याचा गुन्हा नव्हता. त्याने चोरी केली, मजुरांची मजुरी बुडवली, असेही संत लूक कुठे लिहीत नाही. त्याचे सगळे बोलणे पाहा : माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. त्यात बायको नाही, मुले नाहीत, गडी नाही, शेजारी नाही आणि परमेश्वरही नाही. तो बोलतो तेही स्वतःशीच. एवढे धन आणि बोलायला दुसरे माणूस नाही!

ज्याने कष्ट केले नाहीत तो

पहिल्या वाचनात उपदेशक एक खंत बोलून दाखवतो. माणूस शहाणपणाने, कौशल्याने राबतो आणि शेवटी सारे अशाच्या हाती सोडून जातो, ज्याने त्यासाठी काहीच कष्ट केलेले नसतात. हे वाचन आपण नेहमी बापाच्या बाजूने ऐकतो. आज ते मुलाच्या बाजूने ऐकू या. ज्याला आयते मिळाले, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच महाराष्ट्रातील एका वारसदाराची आठवण होते. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच नाना शंकरशेट. त्यांचे निधन ३१ जुलै १८६५ रोजी झाले. ख्रिस्तसभा ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते, आणि तेही एका सरदार घराण्यातलेच होते. नाना ख्रिस्ती नव्हते. ते श्रद्धाळू हिंदू होते. पण भला शोमरोनी आणि रोमी शताधिपती यांचे गुण येशूने मोकळ्या मनाने सांगितले. जे जे सत्य व पवित्र इतर धर्मीयांत आढळते, त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आपल्याला शिकवले. तेव्हा नानांपासून शिकण्यात आपल्याला संकोच नको.

नानांचा जन्म १८०३ सालचा, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. मुरकुटे हे त्यांचे घराणे. वडील शंकरशेट मुंबईतील बडे व्यापारी. १८२२ साली वडील वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात पेढी, जमीनजुमला, वाडा, सारे हाती आले. अशा वेळी मुलापुढे दोन वाटा असतात आणि दोन्ही संत लूकच्या पंधराव्या अध्यायात सापडतात. एक धाकट्या मुलाची : उधळून टाकायचे. दुसरी थोरल्याची : जे आहे ते उराशी धरून कुढत बसायचे. नानांनी तिसरी वाट धरली. त्यांनी व्यापार वाढवला. त्यांच्या सचोटीचा लौकिक असा झाला की, अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेपेक्षा नानांकडे ठेवणे पसंत करीत. बंधूंनो, पैसा वारशाने मिळतो, विश्वास वारशाने मिळत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो.

रुळांवर घातलेला पैसा

१८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वे आणण्याचा विचार सुरू झाला. आज तो साधा वाटतो. त्या काळी हे लोखंडी वाहन कोणी नजरेने पाहिलेले नव्हते. लोक त्यात बसतील का, सोवळ्या-ओवळ्याचे काय होईल, घाट कसा चढणार, सगळाच प्रश्न होता. अशा वेळी सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट यांनी या उद्योगाला पाठबळ दिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ साली कायद्याने स्थापन झाली आणि तिच्या संचालकांमध्ये नाना होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस मैलांचा प्रवास. त्या पाहुण्यांत नानाही बसले होते.

पुढे हाच मार्ग कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला आला, नाशिक, मनमाड, भुसावळकडे गेला. थळ घाटाचे काम पुरे होऊन १८६५ साली तो वाहतुकीला खुला झाला आणि त्याच साली नाना वारले. या मार्गावरच आपले लासलगाव स्टेशन आहे. आपल्या आज्या-पणज्यांचा कांदा ज्या रुळांवरून दूरदूरच्या शहरांत गेला, ते रूळ अंथरण्यामागे मुंबईच्या एका वारसदाराची दूरदृष्टी होती. दाखल्यातल्या सेवकांपैकी एकाने रुपया मातीत पुरून ठेवला, इतरांनी तो व्यवहारात घातला, हे आपल्याला ठाऊक आहे. नाना दुसऱ्या प्रकारातले.

पण खरे ते सगळे सांगितले पाहिजे. या रेल्वेच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि त्या हमीचा भार अखेर इथल्या करदात्या रयतेवर पडला. सह्याद्रीचे घाट फोडताना कॉलऱ्याने आणि अपघातांनी मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेली नाहीत. हे मी नानांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. कोणत्याही संपत्तीचा इतिहास नीट वाचला, तर त्यात दुसऱ्याचा घाम सापडतोच, एवढेच सांगायचे आहे. जो हे ओळखतो त्याला आपले धन निव्वळ ‘माझे’ म्हणवत नाही.

वाड्याचे दार

नानांनी खरी मोठी गुंतवणूक केली ती मुलांमध्ये. मुंबईत नव्या पद्धतीच्या शाळा आणि पाठ्यपुस्तके निर्माण करणाऱ्या मंडळींच्या कामात ते तरुणपणापासून होते. पुढे सरकारच्या शिक्षण मंडळावर त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. तेथे एक मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूचे. नानांनी ठामपणे मत मांडले की, सर्वसामान्य लोकांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्या भाषेतूनच नेली पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ज्यांच्या प्रार्थना आज मराठीतून चालतात, त्या आपल्याला नानांचा हा आग्रह सहज कळेल. आणि याच पेरींनी हिंदुस्थान सोडल्यावर त्यांच्या स्मारकासाठी निधी उभारण्यात नाना पुढे होते. त्यातून १८५५ साली मुंबईत कायद्याच्या शिक्षणाची सोय झाली. ज्याच्याशी भांडलो त्याच्याही नावाने समाजासाठी काही उभे करायचे, याला मनाचा मोठेपणा लागतो. बांधावरून भांडणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट घरी घेऊन जावी.

१८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा सुरू झाल्या. मुलींना शिकवले तर अनर्थ होईल असे मानणारा तो काळ. शाळेला जागा कोण देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. लोकांनी नावे ठेवली, टीका केली. नानांनी दार बंद केले नाही. मला वाटते, त्यांच्या सर्व देणग्यांपेक्षा हे दान मोठे होते. पैसा देणे सोपे. आपल्या घराचा उंबरा देणे कठीण. पैसा दिला तर समाज टाळ्या वाजवतो, उंबरा दिला तर तोच समाज बोटे मोडतो.

त्याच सुमारास, १८४८ साली, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. त्यांच्यामागे ना पेढी होती ना वाडा. उलट या कामापायी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. वारसा मिळालेल्याने वारशातून दिले, वारसा गमावलेल्यांनी स्वतःलाच दिले. मंदिराच्या दानपेटीपाशी बसून येशूने श्रीमंतांचे दान पाहिले आणि विधवेची दोन नाणीही पाहिली. कोणाचे दान अधिक मोठे, हेही त्याने सांगितले आहे.

जे दिले ते उरले

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईला पैशाचे वेड लागले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि १८६१ पासून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रोज नव्या कंपन्या, नवे शेअर, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना. लोक जुनी कोठारे पाडून मोठी बांधू लागले म्हणा ना! १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै रोजी सौद्यांची मुदत भरताच पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी नानांनी डोळे मिटले.

त्या वेडातला सर्वांत मोठा माणूस प्रेमचंद रायचंद. त्यांची अफाट संपत्ती या लाटेत वाहून गेली. पण त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. बंधू-भगिनींनो, जे राखून ठेवले ते गेले, जे देऊन टाकले ते राहिले. हिशेबवहीत याहून चमत्कारिक नोंद दुसरी नसेल! देवाच्या दृष्टीने धनवान होणे म्हणजे काय, याचा हा अर्थ मुंबईच्या फोर्ट भागात कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो.

नानांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिला येणाऱ्याला ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हाच मुलगा पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि स्वतंत्र भारताचा अर्थमंत्रीही. एका वारसदाराचे धन त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी कुठे व्याज देऊन गेले पाहा.

सातबाऱ्यावरचा बोजा

आता तुम्ही म्हणाल, “फादर, हे सगळे शेटजींचे झाले. आमच्या बापाने आमच्यासाठी सोसायटीचे कर्ज ठेवले. कांदा किलोला रुपया-दीड रुपयाने जातो तेव्हा भाडे खिशातून भरावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि एका रात्रीत भाव पडला. आम्हाला कशाला दानधर्माचे प्रवचन?”

ही तक्रार खोटी नाही. ज्याच्या हाती काहीच उरत नाही त्याला लोभाबद्दल झाडणे हा अन्याय आहे. घामाला रास्त दाम मिळणे हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. आणि ज्यांच्या हाती खरोखर पुष्कळ आहे, मग ते व्यापारी असोत, बागाईतदार असोत की पगारदार, त्यांनी आजचा दाखला आधी ऐकावा.

तरी प्रत्येकासाठी एक शब्द आहेच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या विश्वपत्रात शिकवले की, खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. तिथे बँकेचा, सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो. जमीन तुमच्या नावावर, पण बोजा फिटल्याशिवाय ती मोकळी नाही. तसाच एक बोजा परमेश्वराने प्रत्येक वारशावर चढवला आहे, आणि धनकोच्या जागी नाव आहे गरिबाचे. तो बोजा कमी करायला कोणताही तलाठी अर्ज घेत नाही.

हे नवे शिक्षण नाही. चौथ्या शतकातले संत बाझिल हेही श्रीमंत घराण्याचे वारस होते. कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आजच्याच दाखल्यावर प्रवचन केले. तुझ्या घरात जास्तीची भाकर आहे ती मुळात उपाशी माणसाची आहे, असा त्यांचा रोख होता. ते नुसते बोलून थांबले नाहीत. त्यांनी भुकेल्यांसाठी अन्नाची सोय केली, आजाऱ्यांसाठी व निराश्रितांसाठी मोठा आश्रम उभारला.

आणि वारसा म्हणजे फक्त जमीन का? ज्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला शिकवले, ते शिक्षण वारसा आहे. श्रद्धा वारसा आहे. चांगले नाव वारसा आहे. ड्रिपचे, खताचे, बाजाराचे ज्ञान वारसा आहे. धडधाकट शरीर वारसा आहे. यातले आपण किती मिळवले आणि किती आयते मिळाले, याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा.

या आठवड्यात तीन गोष्टी करता येतील. पहिली : घरात वाटणीचा वाद असेल, तर एक पाऊल आपण मागे घ्यावे. बहिणीकडून सही घेताना तिच्या डोळ्यांत पाहावे. तिथे पाणी असेल तर कागद बाजूला ठेवावा. दुसरी : आपल्या हयातीतच आपल्या मिळकतीची नीट व्यवस्था लिहून ठेवावी आणि तीत घराबाहेरच्या एका गरजूचे नाव घालावे. रक्कम लहान असली तरी चालेल. तिसरी : ज्याच्या मुलाची फी अडली आहे, असे एक घर आपल्या आसपास शोधावे. त्यासाठी वाडा लागत नाही. ओसरीवर संध्याकाळी दोन तास चार मुलांना अभ्यासाला बसू दिले, तरी नानांच्या वाड्याचे दार आपल्या गावात उघडते.

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत नानांचा संगमरवरी पुतळा आहे. ग्रँट रोडजवळचा चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण पुतळा आणि चौक हा काही देवाचा हिशेब नव्हे. ज्या दिवशी आपला प्राण मागितला जाईल, त्या दिवशी आपली चाळ किती मोठी होती हे विचारले जाणार नाही. तिच्यातला माल कुणाच्या ताटात पोहोचला, हे विचारले जाईल.

चिंतनासाठी

• माझ्याजवळ जे आहे, त्यातले मला आयते काय मिळाले? त्याबद्दल मी कुणाचे आभार मानले?
• वाटणीच्या कारणावरून मी कुणाशी बोलणे सोडले आहे का?
• माझ्या घराचे दार कोणासाठी बंद आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, सारी पृथ्वी तुझी आहे आणि आम्ही तिचे तात्पुरते राखणदार आहोत. आमच्या शेताला पाणी दे, आमच्या कष्टांना न्याय्य मोल दे. मिळालेले साठवताना आम्हाला शहाणपण दे आणि सोडताना धैर्य दे. वाटणीने तुटलेली घरे पुन्हा जोड. आमच्या मागे आमच्या मुलांना जमिनीबरोबरच तुझे भय आणि शेजाऱ्याची माया यांचा वारसा मिळो. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे ही प्रार्थना आम्ही करतो. आमेन.